न वाजवलेला भोंगा

एमिल कोर्व्हेल हा फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक या हिवाळ्याच्या तोंडाशी मॉन्ट्रियलच्या एका वृद्धाश्रमात वारला. टोरोंटोजवळच्या मार्कहॅममधल्या आमच्या घरी माझ्या मुलाने, अमोलने, फोनवरची बातमी मला वाचून दाखवली. फ्रान्समध्ये तीन चित्रपट, कॅनडात चार, आणि एक अर्धवट राहिलेला. बातमीच्या निम्म्या ओळी त्या अर्धवट चित्रपटाबद्दल होत्या. पस्तीस वर्षांपूर्वी त्याच्या चित्रीकरणात रेमी नावाचा सव्वीस वर्षांचा नट बर्फावरून फरपटत नेला जात असताना गळा आवळून मेला. पुढे असं लिहिलं होतं, की शॉट बिघडू नये म्हणून कोर्व्हेलने त्या दिवशी सकाळीच ध्वनिमुद्रकाकडून धोक्याचा भोंगा काढून घेतला होता.

तो ध्वनिमुद्रक मी. भोंगा माझ्याकडेच होता.

हे मी आता पोलिसांना लेखी कळवलं आहे. रेमीच्या बहिणीला पत्र आणि त्या दिवसाची टेप पाठवली आहे. पोलिसांतल्या एका मुलीने फोन करून फार नम्रपणे विचारलं, "सर, व्हाय नाऊ?"  बहिणीकडून काही आलेलं नाही. येईलच असंही नाही. पण कोर्व्हेल माणूस कसा होता हे पोलिसांच्या फॉर्मवर मावत नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय माझी कबुली अर्धीच राहते.

तो भला माणूस होता असं मी म्हणणार नाही. तो मारकुटा होता. त्याने माझ्याही कानाखाली वाजवली आहे.

बुटका, रुंद, मानेचा पत्ता नाही. नाक दोनदा मोडलेलं. पुढचे दोन दात गेलेले, ते त्याने कधी बसवून घेतले नाहीत, त्यामुळे रागावला की शब्दांबरोबर थुंकीही यायची. डोक्यावर बारा महिने तपकिरी लोकरीची टोपी. ही टोपी म्हणजे त्याचा हुकूम. इतर दिग्दर्शक 'ॲक्शन' ओरडतात, 'कट' ओरडतात. कोर्व्हेल काहीच ओरडायचा नाही. शॉट सुरू करायचा झाला की तो टोपी काढून हातात घ्यायचा. त्याचं टक्कल उघडं आहे तोवर कॅमेरा चालू. टोपी परत डोक्यावर गेली की थांबा. उणे वीसमध्ये त्या टकलावरून वाफ निघताना मी पाहिली आहे. टोपी डोक्यावर जाईपर्यंत कुणी खोकायचंही नाही.

माझी आणि त्याची पहिली भेट एका जुन्या गॅरेजात झाली. मी पुण्यात ध्वनिमुद्रण शिकलो होतो, मुंबईत आठ वर्षं काम केलं होतं, आणि सुधाचा भाऊ मॉन्ट्रियलला होता म्हणून आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. माझं फ्रेंच तेव्हा भाजी घेण्यापुरतं होतं. गॅरेजात मध्ये एक पडदा लावलेला. मला पडद्याच्या अलीकडे खुर्चीवर बसवलं आणि पलीकडून पाच थपडांचे आवाज आले, एकामागून एक.

"खरी कुठली?" पडद्यामागून प्रश्न आला.

"तिसरी."

"का?"

"तिसरीनंतर कुणीतरी श्वास आत ओढला."

पडदा सरकला. हुकाला गाईची अख्खी मांडी टांगलेली होती आणि तिच्या शेजारी कोर्व्हेल उभा होता. त्याच्या डाव्या गालावर चार बोटं उठली होती. आजूबाजूला दुसरं कुणीच नव्हतं. स्वतःचीच.

"नाव काय तुझं?"

"बापट."

फ्रेंच माणूस शब्दाच्या शेवटचा ट गिळतो. "बापा," तो म्हणाला. "बरं, बापा. उद्या सकाळी सहाला ये." तेव्हापासून त्या संचात मी बापा झालो. रेमी तर मला फोनवरही बापाच म्हणायचा. सुधा हसायची. "अहो, अजून आपल्याला मूल नाही आणि सगळं मॉन्ट्रियल तुम्हाला बापा म्हणतंय."

कोर्व्हेलच्या चित्रपटांत माणसं माणसांना मारतात. दुसरं फारसं काही नाही. कुदळीने, साखळीने, नुसत्या हातांनी. पण सगळ्यांना तो सांगायचा ती गोष्ट एकच होती, की खरा मार मोठा आवाज करत नाही. सिनेमातला ठोसा दार आपटल्यासारखा वाजतो, ते सगळं खोटं. तो ज्या बंदराच्या गावात वाढला तिथे त्याच्या आणि आईबापांच्या खोलीच्या मध्ये लाकडी भिंत होती. बाप आईला मारायचा. "मी कधीच पाहिलं नाही," जेवताना एकदा तो सहज म्हणाला होता, कच्चा कांदा सफरचंदासारखा खात. "फक्त ऐकलं. दहा वर्षं. म्हणून मला आधी आवाजवाला लागतो, मग कॅमेरावाला." त्यापलीकडे त्याच्या लहानपणाबद्दल मला काही ठाऊक नाही.

त्याचा एक नियम होता. नटाला जो मार पडायचा तो आधी कोर्व्हेल स्वतः खायचा. जिन्यावरून पडायचं असेल तर पहिला तो पडणार. खांद्यावर फळी मोडायची असेल तर पहिली त्याच्या खांद्यावर. पन्नाशी उलटलेला माणूस सकाळी सहाला येऊन स्वतःला मारून घ्यायचा, मग कुठे दुखलं, किती दुखलं ते नटाला बोटाने दाखवायचा, आणि मगच टोपी काढायचा. आणि संकलन करताना प्रत्येक मरणाचा शॉट तो दोन फ्रेम आधीच तोडायचा. माणूस मरतो तो नेमका क्षण त्याच्या एकाही चित्रपटात नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "ते ज्याचं त्याचं असतं. आपण बाहेर थांबायचं."

टोरोंटोहून एक निर्माता आला होता, त्याची गोष्ट सांगतो. उंच, सुगंधी, नवीन गाडी घेऊन आलेला. खुनाचा प्रसंग पाहून तो म्हणाला, फार लांब वाटतोय, प्रेक्षकाला सहन होणार नाही, खाली थोडं संगीत घाला. कोर्व्हेलने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्हाला कुणी कधी मारलंय?"

"शाळेत असताना असेल."

"तेव्हा संगीत होतं?"

निर्माता हसला. कोर्व्हेल फिल्मचा लोखंडी डबा घेऊन बाहेर गेला आणि त्याने त्या नव्या गाडीची पुढची काच फोडायला सुरुवात केली. फोडताना तोंडाने एक गोड नाचाची चाल गुणगुणत होता, ठेक्यात, दर ठेक्याला एक घाव. काच पूर्ण खाली आल्यावर तो वळला. हातातून रक्त ठिबकत होतं. "आता कमी वाईट वाटलं ना?" त्याने विचारलं. "म्हणून मी संगीत घालत नाही."

अशा माणसाच्या हाताखाली काम करताना भीती वाटायची. पण त्या भीतीत एक सुरक्षित जागाही त्यानेच करून ठेवली होती. ती जागा म्हणजे खरा शब्द.

मारहाणीच्या प्रसंगात नट 'सोड', 'थांब', 'वाचवा' असं ओरडतातच, ते संवादच असतात. मग एखाद्याला खरोखर इजा होत असेल तर कळणार कसं? म्हणून प्रत्येक नटाने आपला एक शब्द निवडायचा, संहितेत कुठेही नसलेला. एका नटीने तिच्या दाताच्या डॉक्टरचं नाव घेतलं होतं. नटाच्या छातीवर लपवलेला माइक असतो आणि तो ऐकणारे कान सेटवर एकाच माणसाचे असतात. माझे. तो शब्द कानावर पडला की मी हातातला भोंगा वाजवायचा, गॅसच्या डब्यावर बसवलेला असतो तसला. भोंगा वाजला की सगळं थांबणार, मग टोपी कुठेही असो. टोपीच्या वर फक्त भोंगा होता. हा नियम कोर्व्हेलचा. त्या काळी इतर कुठल्या सेटवर मी असं काही पाहिलं नाही.

रेमी आमच्याकडे अधूनमधून जेवायला यायचा. एकटाच राहायचा, आई आणि बहीण दूर गावी. उंच, लालसर केसांचा, सतत काहीतरी खात असणारा मुलगा. सुधा त्याला गरम भात, आमटी, वर तूप वाढायची आणि तो फ्रेंचमध्ये नको नको म्हणायचा.

"ते मला कळत नाही," सुधा म्हणायची. "पुरे म्हण, मग थांबेन."

"पुरे," रेमी म्हणाला.

सुधाने आणखी एक डाव भात वाढला.

"पुरे म्हटलं ना मी!"

"पहिलं पुरे आम्ही मोजत नाही," सुधा म्हणाली. मी भाषांतर करत होतो. "पहिलं भिडेखातर असतं."

"आणि दुसरं?"

"दुसऱ्याचं बघू. तिसऱ्याला हात थांबतो."

रेमी इतका हसला की ठसका लागला. आणि त्या शेवटच्या चित्रपटाच्या वेळी कोर्व्हेलने त्याला शब्द विचारला तेव्हा तो म्हणाला, "पुरे."

कोर्व्हेलने कपाळाला आठ्या घातल्या. "हा काय शब्द?"

"बापाच्या भाषेतला."

"रोजच्या वापरातला शब्द नको."

"इथे कोण वापरतो?"

"बापा वापरतो. घरी." तो माझ्याकडे वळला. त्याचे डोळे बारीक झाले. "तुमच्या घरी हा शब्द ऐकून माणूस लगेच थांबतो?"

रेमीने त्याच्या पाठीमागून मला डोळा मारला. फ्रेंच चित्रपटाच्या सेटवर माझ्या भाषेतला शब्द वापरला जाणार याचं मला खरं सांगायचं तर फार कौतुक वाटत होतं.

"हो," मी म्हणालो. "लगेच थांबतो."

दुर्घटनेच्या तीन दिवस आधी गोठ्यातल्या मारामारीचा प्रसंग होता. रेमीला दोघं जण बुटांनी तुडवतात असा. हेडफोनमध्ये मला एक कण्हणं ऐकू आलं, ते मला खरं वाटलं, आणि मी भोंगा वाजवला. सगळं थांबलं. रेमी रक्ताच्या रंगात माखलेला उठून बसला, "काय झालं?" शब्द उच्चारलाच गेला नव्हता. शॉट गेला, कपडे गेले, सकाळ गेली. कोर्व्हेल गोठ्याच्या त्या टोकाहून धावत आला, माझं टेबल लाथेने उडवलं आणि उघड्या पंजाने माझ्या उजव्या कानावर मारलं. मी गुडघ्यांवर आलो. सगळ्या संचासमोर. दिवसभर त्या कानात बारीक शिट्टी वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गाल पुढे केला. "मार."

"नको, मस्यो." सेटवर सगळे त्याला मस्यो, म्हणजे साहेब, म्हणत.

"मार, बापा. नाहीतर ते तुझ्या कानात राहील."

मी मारलं नाही. मला ते जमणारं नव्हतं. थोडा वेळ वाट पाहून तो म्हणाला, आणि हे मी मुद्दाम शब्दशः लिहितो आहे, कारण माझी बाजू इथेच संपते. "चुकीचा वाजलेला भोंगा मला चालतो. मी संतापणार. टेबल मोडणार. माझा संताप सहन करायचा हा तुझ्या कामाचा भाग आहे. तरी वाजवायचा."

म्हणजे त्याच्या भीतीने हात थांबला असंही मला म्हणता येत नाही. ती वाट त्याने आधीच बंद करून ठेवली होती.

जागा मॉन्ट्रियलच्या उत्तरेला, मेपलच्या जंगलाला लागून असलेलं एक मोकळं शेत. स्नोमोबाईलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या, मागे दोराने बांधून रेमीला बर्फावरून ओढत न्यायचं. कोटाच्या आत कमरेला जाड पट्टा, पट्ट्याला दोर, ओढलं की सुटेल अशी कडी. नियमाप्रमाणे कोर्व्हेल आधी स्वतः तीन वेळा ओढला गेला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा हनुवटी सोलून निघाली होती. "बर्फ खालून घासतो," तो रेमीला म्हणाला. "तोंड वर ठेव." मग तो कॅमेऱ्यापाशी गेला, माझ्यापासून दोनशे पावलांवर, आणि त्याने टोपी काढली.

कोर्व्हेलच्या वेळी व्यवस्थित चाललेला पट्टा रेमीच्या अंगावर सरकला. तो अंगाने बारीक होता. पट्टा कोटासकट वर चढला, छातीवरून काखेत, काखेतून गळ्याकडे. कडी गोठली होती. हे सगळं नंतर कळलं. लांबून फक्त एक सुंदर शॉट दिसत होता. पांढरं शेत, काळा ठिपका, मागे उडणारा बर्फ. स्नोमोबाईल चालवणाऱ्याला इंजिनाखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

मला येत होतं. "पुरे."

स्पष्ट. घासलेला, पण स्पष्ट. माझ्या यंत्रावरचा काटा एकदम लाल पट्ट्यात गेला, आवाज फाटायला लागला, आणि माझा हात बटणाकडे गेला. मी आवाज कमी केला. इतक्या वर्षांची सवय. काटा लाल पट्ट्यात गेला की आवाजवाल्याचा हात आपोआप तिथे जातो. माणूस काय म्हणतोय हे नंतर.

"पुरे."

आणि मी थांबलो. मी पुढच्याची वाट पाहत होतो. जेवणाच्या टेबलाशी बसल्यासारखा.

"पुरे."

तिसऱ्याला माझा हात कोटात गेला. थंडीत गॅस गोठतो म्हणून भोंगा मी काखेत ठेवला होता. तो बाहेर निघाला, माझं बोट त्याच्या कळीवर होतं. मी कोर्व्हेलकडे पाहिलं. उघड्या डोक्याने, दोन्ही हात किंचित वर उचलून तो उभा होता, देवळात उभा राहतो तसा. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. माझ्या मनात आलं, आणखी थोडंसंच राहिलंय, शेताच्या कडेला गाडी थांबणारच आहे.

गाडी थांबली. पहिल्या पुरेपासून तिथपर्यंत टेपवर सव्वीस सेकंद आहेत; बहिणीला पाठवण्याआधी मी ते मोजले.

रेमीकडे सगळ्यांत आधी कोर्व्हेल पोहोचला. त्याने दाताने तो पट्टा तोडायचा प्रयत्न केला. त्याच्या उरलेल्या दातांपैकी एक तिथे मोडला. रेमीच्या चेहऱ्याबद्दल मी लिहिणार नाही. कोर्व्हेलने ते कधीच दाखवलं नसतं. टोपी बर्फात कुठेतरी पडली होती, ती डोक्यावर गेली नाही म्हणून कॅमेरावाल्याने कॅमेरा थांबवला नाही. फिल्म संपून रिकामं चाक खडखडायला लागलं तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं.

पोलीस यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात कोर्व्हेल माझ्या सामानाच्या गाडीत येऊन बसला. त्याने हेडफोन कानाला लावले आणि टेप ऐकली. एकदाच, डोळे मिटून. मग हेडफोन काढून ठेवले. माझ्या मांडीवर भोंगा होता. तो त्याने उचलला आणि स्वतःच्या खिशात घातला.

"तुझी बायको कितव्या महिन्यात आहे?"

"सातव्या."

"कागद झाले तुझे?"

आमच्या कायमच्या रहिवासाचा अर्ज अजून अडकलेला होता. मी नकारार्थी मान हलवली. तो उतरून गेला.

जबाब गावातल्या सभागृहात झाले. अधिकाऱ्याने मला विचारलं, भोंगा का वाजला नाही? मी तोंड उघडायच्या आत कोर्व्हेल पलीकडच्या बाकावरून उठून मोठ्याने म्हणाला, "कसा वाजवेल? मी सकाळीच काढून घेतला त्याच्याकडून. मला आज शॉट मोडायला नको होता." आणि खिशातून भोंगा काढून त्याने टेबलावर आपटला.

"हे खरं आहे?" अधिकाऱ्याने मला विचारलं.

"हो," मी म्हणालो. आणि टेपवर काही नाही, माइक टप्प्याबाहेर गेला होता, हेही मीच म्हणालो. ते मला कुणी सुचवलं नव्हतं.

त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. वर्तमानपत्रं त्याला कसाई म्हणायला लागली. न्यायालयाच्या पायऱ्यांवर रेमीची आई त्याच्यावर धावून गेली, तिने नखांनी त्याचा गाल फाडला आणि तोंडावर थुंकली. मी दहा पावलांवर होतो. त्याने हात वर केला नाही, आणि तोंड पुसलंही नाही. तसाच पोलिसांच्या गाडीत बसला.

मी टोरोंटोला आलो. अमोल झाला. पुन्हा हेडफोन लावणं मला जमलं नाही, म्हणून कानाची यंत्रं बसवायच्या दवाखान्यात नोकरी धरली. तीस वर्षं म्हाताऱ्या माणसांना "ऐकू येतंय का?" विचारत बसलो. टेप बेसमेंटमध्ये विंटर टायरच्या मागे होती. घर बदललं तेव्हा तीही बदललेल्या घरात आली.

मधल्या काळात कोर्व्हेल मला एकदाच दिसला. सुधाच्या भावाकडे गेलो होतो, बसमध्ये होतो. रस्त्यावरचा बर्फ उचलणाऱ्या ट्रॅक्टरवर तो बसलेला. बाहेर उणे पंचवीस, आणि डोकं उघडं. कानांच्या कडा हिमदंशाने काळ्या पडलेल्या. सिग्नल सुटेपर्यंत बस त्याच्या शेजारी उभी होती. मी उतरलो नाही.

सुधाला मी एवढंच सांगितलं होतं की अपघात झाला. पण पस्तीस वर्षांत मी जेवताना पुरे म्हटलेलं नाही. ताटावर हात आडवा धरतो. "तोंडाने बोलायला काय होतं हो?" ती टोमणा मारायची. गेल्या सप्टेंबरात असाच हात धरला असताना ती डाव हातात घेऊन थांबली आणि म्हणाली, "अहो, रेमी काय म्हणाला होता शेवटी?"

मी सांगितलं. सगळं. तिने हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "मीच शिकवलं होतं त्याला. मोजत नाही म्हणून." तेव्हापासून ती कुणाला वाढत नाही. भांडी टेबलावर ठेवते, ज्याने त्याने घ्यायचं. अमोलला वाटलं आई थकली.

तिनेच मला मॉन्ट्रियलला नेलं. अमोलने गाडी चालवली, साडेपाच तास. वाटेत तो दोनदा म्हणाला, "बाबा, यू डोन्ट हॅव टू डू धिस," आणि दोन्ही वेळा सुधा म्हणाली, "तू गाडी चालव."

वृद्धाश्रमात तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी तो व्हीलचेअरमध्ये होता. रुंदी सगळी गेली होती, नुसती हाडं आणि ते मोडकं नाक. डोकं उघडं. मांडीवर ती तपकिरी टोपी, लोकर विरलेली. शेजारच्या कपाटावर औषधं, अर्धा कांदा आणि भोंगा. तसलाच लाल भोंगा. मला दारापर्यंत सोडणारी नर्स कुरकुरली होती, की दर वर्षी कुणाला तरी सांगून नवा गॅसचा डबा आणवतो, काढून घेतला तर चावतो.

"बापा," तो म्हणाला. त्याने मला लगेच ओळखलं. "म्हातारा झालास."

मी पाठ करून आलेलं सगळं विसरलो. "मस्यो, मी ऐकलं होतं."

"माहीत आहे."

"तीनदा ऐकलं."

"चारदा," कोर्व्हेल म्हणाला. "चौथं अगदी शेवटी आहे, तू कमी केलेल्या आवाजात बुडालेलं. बारीक आहे. पण आहे."

मी खाली बसलो. टेप माझ्याकडे पस्तीस वर्षं होती, ती मी कधीच ऐकली नव्हती. त्याने एकदाच ऐकली होती.

"तुम्ही का केलंत तसं?" मी विचारलं. "मी तर तुम्हाला मारलंही नव्हतं."

"म्हणूनच," तो म्हणाला.  "तुझ्या कानाला हात लावायला नको होता मी. तो माझा एकुलता एक चांगला कान होता."

"मी आता सगळ्यांना सांगणार आहे. रेमीच्या बहिणीला, पोलिसांना."

 त्याने कपाटावरचा भोंगा उचलला आणि माझ्या हातात दिला. "वाजव."

मी भोंगा धरला. बोट कळीवर ठेवलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाचं तरी जेवणाचं ताट वाजत होतं, पलीकडच्या खोलीत एक बाई झोपली होती, दार उघडं होतं. मी दाराकडे पाहिलं. मनात आलं, इथे कसा वाजवायचा, लोक काय म्हणतील, आधी दार लावून घ्यावं.

कोर्व्हेल माझ्याकडे बघत होता. त्याने सेकंद मोजले असतील. मग त्याने माझ्या हातातून भोंगा ओढून घेतला आणि स्वतः कळ दाबली.

तो आवाज त्या लहानशा खोलीत असा फुटला की खिडकीची काच थरथरली आणि माझा उजवा कान पुन्हा शिट्टी वाजवायला लागला. तो दाबतच राहिला. कॉरिडॉरमध्ये ताट पडलं. दोन नर्स धावत आल्या, एक पोऱ्या धावत आला, त्यांच्या मागे खाली लॉबीत बसलेली सुधाही धापा टाकत जिना चढून आली. नर्सने त्याच्या हातातून भोंगा हिसकावला तेव्हा कुठे तो आवाज थांबला.

"बघ," पुढचे दात नसलेल्या तोंडाने तो म्हणाला. "काही होत नाही, बापा. लोक धावत येतात. एवढंच."

नर्स त्याच्यावर ओरडत होती. त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्याने मांडीवरची टोपी दोन्ही हातांनी उचलली, झटकली, आणि सावकाश डोक्यावर घातली.